घसारा वजा जाता

चाळिशी ओलांडली की मध्यमवर्गीय माणसाला काहीतरी होतंच. कुणाला जवळचं दिसेनासं होतं, कुणी पहाटे उठून कारल्याचा रस प्यायला लागतो, तर जन्मात कधी टाळीसुद्धा तालात न वाजवलेला एखादा गृहस्थ एकदम तबल्याचा क्लास लावतो. मला जुन्या मोटारसायकलीचा नाद लागला. माझ्या मते या सगळ्यांत हा निरुपद्रवी नाद आहे. घरच्या मंडळींचं मत वेगळं आहे. कारल्याच्या रसाला स्पेअर पार्ट लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की हिच्यावर घसारा किती, हा विचार माझ्या डोक्यात आधी येतो. समजा, १९७४ साली ५,००० रुपयांना एक मोटारसायकल घेतली. दर साल १५ टक्के, घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढत गेलं, तर पन्नास वर्षांनी वहीत तिची किंमत उरते १ रुपया ४८ पैसे. हे गणित मी बँकेच्या कॅल्क्युलेटरवर, बँकेच्या वेळात, तीनदा करून पाहिलं. आणि बाजारात जाऊन विचारावं, तर त्याच गाडीचा मालक लाखाच्या खाली बोलायला तयार नसतो! एका बाजूला १ रुपया ४८ पैसे आणि दुसऱ्या बाजूला १ लाख. हा ताळेबंद जुळवायच्या नादात मी दोन वर्षांचे रविवार वर्धा जिल्ह्याच्या रस्त्यांवर घालवले.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडीच हवी तर माणसाने मुंबई-पुण्याला जावं. तिथे म्हणे अशा गाड्यांचे मेळावे भरतात. ‘एकच पारशी मालक’ एवढे तीन शब्द जाहिरातीत असले की गाडीचा भाव दुप्पट होतो. पण आमचाही काही अभिमान आहे. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर, अशा आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात एक साधी जावा मिळू नये?

मिळत नाही. आणि ती का मिळत नाही, याला इतिहास आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आमचा जिल्हा पायी चालणाऱ्यांचा. गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी मगनवाडीहून शेगावला राहायला गेले, तेही पायी. एप्रिलअखेरचा वर्ध्याचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला यातला पराक्रम वेगळा सांगायला नको. (या शेगावचं १९४० साली सेवाग्राम झालं, कारण पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडत. म्हणजे पोस्टाच्या घोटाळ्यातूनही कधीकधी इतिहास घडतो.) विनोबांनी तर कमालच केली. १९५१ साली पवनारहून निघाले ते चालतच राहिले, आणि परत आले ते १९६४ साली. ज्या गावच्या थोरांनी देश असा पायांनी मोजला, त्या गावात मोटारसायकलला किक मारताना माणसाला थोडं ओशाळल्यासारखं होतंच.

आणि गंमत पाहा. जमनालालजींना ज्या घराण्यात दत्तक घेतलं त्या वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या नावाने २९ नोव्हेंबर १९४५ रोजी एक कंपनी निघाली, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १९४८ पासून ती परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकू लागली. पुढे हीच बजाज ऑटो झाली, आणि १९७२ साली तिने चेतक स्कूटर काढली, जिच्यासाठी देशभरातल्या जावईबापूंनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. म्हणजे अख्ख्या देशाला दोन चाकांवर बसवणारं नाव निघालं वर्ध्याच्या पेढीवरून, आणि वर्धा मात्र सायकलला पंक्चर काढत बसलं!

दुसरी गोष्ट कापसाची. इंग्रजांनी इकडे रेल्वे आणली ती आमच्या प्रेमापोटी नव्हे, कापसापोटी. कापूस शेतातून जिनिंगपर्यंत बैलगाडीने जायचा आणि तिथून पुढे आगगाडीने. पुलगाव ते आर्वी एवढ्याशा अंतरालासुद्धा छोटी रेल्वे होती. आता या व्यवहारात मोटारसायकलीला काम कुठे होतं? तिच्यावर कापसाचं बोंदरं लादता येत नाही आणि सावकारालाही नेता येत नाही, कारण तो स्वतः कधी येत नाही, आपल्यालाच बोलावतो. त्यामुळे स्वातंत्र्याआधी असल्या फटफट्या असायच्या त्या साहेबाकडे, फौजदाराकडे, एखाद्या मिलच्या अधिकाऱ्याकडे नाहीतर फार तर डॉक्टरकडे. बाकीच्या जनतेने तिच्यामागची धूळ पाहायची.

शिवाय आमच्या भागात गाडी जागची हलली नाही तरी प्रवास करते. १९४९ साली वर्ध्याच्या कुणा वकिलाने गाडी घेतली असेल, तर ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोंदली गेली. १९५० साली ती मध्य प्रदेशात गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. अकरा वर्षांत चार राज्यं, आणि गाडी आपली त्याच गोठ्यात त्याच खुंट्याजवळ! अशा गाडीचे कागद शोधणाऱ्याने भूगोलाचा नव्हे, इतिहासाचा नकाशा जवळ ठेवावा.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली, आणि ती आली तेव्हा मी सेवाग्रामच्या रस्त्यावर होतो. जुन्या मोटारसायकली जवळजवळ सगळ्या बंदुकीच्या पोटच्या आहेत! बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. तिच्या शिक्क्यावर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने सैन्यासाठी एम-ट्वेंटी नावाच्या सव्वा लाखावर मोटारसायकली केल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी लिलावात निघाल्या. रॉयल एनफिल्डचं नाव आलं एनफिल्ड इथल्या सरकारी रायफल कारखान्यावरून, कारण इंग्लंडातल्या रेडिच गावची ही मंडळी आधी त्या कारखान्याला सुटे भाग पुरवत. जावा काढली ती यानेचेक या चेक गृहस्थाने. हाही मूळचा शस्त्रांचा कारखानदार. १९२९ साली त्याने वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल करायला घेतली, आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून ‘जावा’ हे बाळाचं नाव ठेवलं. राहता राहिली आपली राजदूत. नावाने तरी शांततेची! पण ती बेतलेली ‘एसएचएल’ या पोलिश गाडीवर, आणि ती गाडी करणाऱ्या कारखान्याने महायुद्धापूर्वी घोडदळासाठी तलवारी बनवल्या होत्या. अहिंसेच्या राजधानीत मी शोधत होतो ते हे!

या परदेशी वंशावळीला भारतीय रेशनकार्ड मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. बाहेरून गाड्या आणण्यावर बंधनं आली, तेव्हा इथेच कारखाने निघाले. भारतीय सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी बुलेट पसंत पडली, आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली. पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालू राहिला. १९७७ साली तर आपण इंग्रजांनाच बुलेट विकायला सुरुवात केली. १८५७ नंतर एनफिल्ड या नावाचा इतका गोड सूड दुसरा नाही. म्हैसूरला १९६१ साली आयडियल जावा निघाली. तिनेच पुढे येझदी काढली आणि १९९६ साली डोळे मिटले. उत्तरेत एस्कॉर्ट्‌सने साठीच्या दशकात राजदूत आणली. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात तिचं एक बुटकं भावंड दिसलं, आणि गावोगावच्या ऋषी कपूरांचे गुडघे हँडलला लागू लागले.

या तिघींच्या स्वभावावरून त्यांचे मालक ओळखावेत. बुलेट सुरू करणं हे गिऱ्हाइकाला कर्ज नाकारण्याइतकं नाजूक काम. आधी एक छोटा खटका ओढायचा, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग खटका सोडून अंगातलं सगळं बळ एका किकमध्ये ओतायचं. काटा चुकला तर गाडी उलट लाथ मारते. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. म्हणून ती फौजदाराची आणि पाटलाची गाडी. लाथ खाऊन वर हसण्याची ऐपत असलेल्यांची. जावाची किकच पुढे वळवली की गियरचा दांडा होते. एकाच माणसाकडून दोन टेबलांचं काम करून घेण्याची कल्पना आमच्या बँकेच्याही आधी जावावाल्यांना सुचली होती. ती डॉक्टरची, प्राध्यापकाची, बापाच्या पैशावर शिकणाऱ्या मुलांची गाडी. आणि राजदूत दूधवाल्याची, ग्रामसेवकाची, शेतकऱ्याची. जाहिरातीत तिच्यावर धर्मेंद्र बसायचा. प्रत्यक्षात तीन माणसं, दोन कॅन आणि एखादी शेळी.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली. लिटरला ऐंशी किलोमीटर जाते म्हणे, हे ऐकून पेट्रोलमध्ये माप घालून ऑइल मिसळणाऱ्या पिढीला रडू कोसळलं. जुन्या गाड्या एकेक करून गोठ्यात गेल्या. गोठ्यातून कुठे गेल्या, हे शोधायला मी निघालो.

हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारलं, “जावा आहे का हो कुठे?”

“आहे ना जी,” तो म्हणाला. “पन एका गावात नाई. टाकी वडनेरले आहे, इंजिन अल्लीपूरले, हेडलाइट नंदोरीले, अन् चाकं जामले हातगाडीले लागले. जोडून घेता आली तं घ्या.”

पुलगावला बीएसए आहे, अशी पक्की बातमी कळली. पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार. तिथल्या टपरीवर एका अनोळखी माणसाने हळूच “युद्धातलं काही जुनं मिळेल का?” असं विचारणं किती धोक्याचं आहे, ते चहा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं. टपरीवाल्याने माझं नाव, गाव, बँक, ब्रँच सगळं विचारून घेतलं. आमच्या बँकेत खातं उघडतानाही एवढं विचारत नाहीत. अखेर खात्री पटल्यावर त्याने मला मागच्या अंगणात नेऊन बीएसए दाखवली. सायकल होती. सीटवर कोंबडी बसली होती.

आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे दारू पकडताना जप्त झालेल्या गाड्या पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या दिसतात. कुणीतरी सांगितलं, तिथे बघा, कधीकधी लिलाव होतो. गेलो. हवालदारसाहेबांनी वर न पाहताच विचारलं, “यातली तुमची कोनती?” मी घाईघाईने म्हणालो, “माझी नाही, पण मला एक पाहिजे.” तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेपुढे मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही.

हे सगळं मी हसत हसत बायकोला सांगायचो. पण हळूहळू एक गोष्ट जाणवायला लागली. ज्या ज्या घरी मी “गाडी कुठे गेली?” असं विचारलं, तिथे उत्तरादाखल एक साल यायचं. “थ्या साली पाणी नाई आलं.” “थ्या साली बोंडअळी आली.” “पोरीच्या लग्नाच्या साली.” गाडी किलोच्या भावाने गेली, म्हणायचे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. बँकेत बसून आम्ही त्या सालांचे थकबाकीचे तक्ते भरले होते. गाड्यांचा शोध घेता घेता मी तेच तक्ते परत वाचत होतो, एवढंच. ज्या घरावर तशी पाळी आली नाही तिथे जुनी गाडी शिल्लक राहते. आमच्याकडे अशी घरं कमी.

आणि मग समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या अलीकडे एका गावात, गाडी सापडली. जावा नव्हे, राजदूत. १९७४ ची. गोठ्यात, गोणपाटाखाली, हवा गेलेल्या टायरांवर, पण अंगावर एक डाग नाही. घरात एक म्हाताऱ्या काकू आणि त्यांचा पन्नाशीचा मुलगा.

“गाडी पाहाले आले का जी?” काकू म्हणाल्या. “पाहा. पाहाचे पैसे नाई. पन इकाची नाई.”

मी चहा घेतला. मुलाने सांगितलं ते असं. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. फेडरेशनला कापूस घातला, त्याच्या चुकाऱ्याचे काही पैसे हाती आले, आणि उरलेल्या ३,००० रुपयांचं बँकेचं कर्ज काढून वडिलांनी गाडी घेतली. हप्ता भरायला त्याच गाडीवर जायचे. पुढे वाईट सालं आली. “बैल इकले भाऊ आमी. आईच्या कानातलं गेलं. गाडीलेही भंगारवाला आलता.”

“मंग?” मीही त्यांच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

“थे म्हनत,” काकू म्हणाल्या, “गाडीवर बँकेचं नाव आहे. आपली नाई, तं इकाची कशी?”

मी आरसी बुक मागितलं. पत्र्याच्या पेटीतून ते आलं. खरंच, कर्जाचा शेरा तसाच होता. पण त्याच पेटीत शेवटच्या हप्त्याची पावतीही होती, १९७८ ची. कर्ज फिटलं होतं. फक्त ‘आता येणं बाकी नाही’ हा कागद बँकेतून घेऊन आरटीओत दाखवायचं राहून गेलं होतं. मालक गेले त्यालाही अकरा वर्षं झाली होती. आणि त्या न घेतलेल्या एका कागदापायी गाडी वाचली होती!

आता मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. शेरा उठल्याशिवाय गाडी कुणाच्या नावावर होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. आणि मनात म्हटलं, कागद झाला की काकूंचंही मन वळेल. कर्ज देणारी बँक आता त्या नावाने उरलेली नाही. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात तिचं नाव गेलं. जुनं लेजर मिळेना. मी अर्ज केले, रजा टाकल्या, ओळखी काढल्या, आणि चार महिन्यांनी त्या पावतीच्या जोरावर कागद मिळवला. येणे बाकी : शून्य. नोकरीत इतकं सुंदर शून्य मी पाहिलेलं नाही.

तो घेऊन गेलो. जोडीला नवीन नियमही समजावून सांगितला. २०२१ पासून पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे वीस हजार भरून घरीच ठेवाची? थे तं आमी फुकट ठेवली आहे.”

मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. वाचता येत नव्हतं, पण शिक्क्यावरून बोट फिरवलं. “आता बँकेचं नाव गेलं?”

“गेलं, काकू. आता गाडी सगळी तुमची.”

“आमची झाली ना?” त्या म्हणाल्या. “मंग बाबू, आता कायले इकू?”

यावर आमच्या कॉमर्समध्ये उत्तर नाही. मुलगा माझ्याकडे पाहून हसला. मीही हसलो, आणि मनातल्या मनात चार महिन्यांच्या रजा मोजल्या.

बैल गेल्यापासून त्यांच्याकडे पोळ्याला गाडी धुतात. काकूंनी बोलावलं म्हणून गेल्या पोळ्याला गेलो. मुलाने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, मी किक मारली. पंधराव्या किकला गोठाभर निळा धूर झाला, गावातली पोरं ओरडली, आणि काकू पदर नाकाला लावून आत पुरणपोळी वाढायला गेल्या. यंदाचा घसारा वजा जाता वहीत त्या गाडीची किंमत १ रुपया २६ पैसे होते. तिला घातलेला झेंडूचा हारच वीस रुपयांचा होता.